दोन्ही सारखेच लागतात

स्टोव्हर गावात ओडेल क्रॅट्झला सगळे थापीवाला म्हणायचे, आणि ती थापी खरोखरच गवंड्याची होती. लढाईवरून परतल्यावर, शेहेचाळीस साली, तो प्रूइट्सच्या हॅम्बर्गरच्या दुकानात कामाला लागला. पहिल्याच दिवशी मालक लॉयल प्रूइटनं ती त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "भिंत लिंपायची नाही, बीफ लिंपायचंय. इथं चुकलास तर भिंत पडत नाही, गिऱ्हाईक पडतं."

काम सांगायला सोपं. खिम्याचा मोठ्या लिंबाएवढा गोळा तापल्या तव्यावर टाकायचा, वर चिमूटभर मीठ, आणि थापी टेकवून अंगातलं सगळं वजन उजव्या खांद्यात आणून दाबायचं. एकदाच. दुसऱ्यांदा दाबलं की रस तव्यावर जातो आणि पावात चामडं उरतं. त्या एका दाबात गोळ्याची चकती होते, कडेला जाळी धरते, जाळी करपून कुरकुरीत होते आणि मधलं मांस मऊसूत राहतं. पण खिमा त्याच सकाळचा हवा. शिळा असला तर चिवटपणा करतो. गोठवलेला असला तर थापीच उसळून परत येते.

जूनमध्ये गव्हाची कापणी आली की ओडेल दिवसाला सहा-सहाशे गोळे दाबायचा. धान्याच्या कोठारापुढं ट्रकांची रांग लागलेली असायची. रांग हलेना म्हणून ड्रायव्हर उतरून खिडकीशी यायचे आणि ओरडायचे, "थापीवाले, हात चालव की! गहू उगवून आला ट्रकात!"

"उगवू दे. पुढच्या वर्षीची पेरणी वाचली तुझी," ओडेल मान वर न करता म्हणायचा.

प्रूइट्सपासून तिसरं दार एमिल उनरू खाटकाचं. एमिल ओडेलपेक्षा चौदा वर्षांनी मोठा, आडव्या हाडाचा, बोलायला जड. त्याचे आजोबा रशियातून आलेले जर्मन. घरात अजून जुनी भाषा चालायची आणि शनिवारी कोबी-खिमा भरलेले पाव भाजले जायचे. रोज सकाळी सहाला ओडेल त्याच्या मागच्या दाराशी जायचा आणि रोज तेच बोलणं व्हायचं.

"मांस तयार हाय?"

"मांस हाय. तू तयार हायस का?"

"कालच्यावानीच हाय न्हवं?"

"कालचं काल गेलं, गड्या. ह्ये आजचं हाय."

मग खाकी कागदात बांधलेली, सुतळीनं आवळलेली पुडकी. प्रत्येकावर एमिलनं पेन्सिलीनं वार लिहिलेला. मंगळवारचं पुडकं बुधवारी सापडलं तर तो स्वतः येऊन उचलून नेई आणि कुत्र्यांना घाली. अठ्ठावीस वर्षांत असं दोनदा झालं. दोन्ही वेळा गावातली कुत्री आठवडाभर त्याच्या मागून फिरत होती.

एमिलचं म्हणणं, मांसाला हवामान कळतं. तो सकाळी दारात उभा राहून वारा कुठून येतोय ते बघायचा आणि त्यावर चरबी ठरवायचा. उत्तरेचा बोचरा वारा असला की मूठभर जास्त, जूनच्या उन्हात मूठभर कमी. बाकी खांद्याचं मांस आणि त्यात चौथा हिस्सा छातीचं. हे प्रमाण त्यानं कुठं लिहून ठेवलं नव्हतं. ते त्याच्या तळहातात होतं. खिमा मुठीत धरून सोडला की बोटांचे ठसे किती वेळ राहतात, त्यावरून तो सांगायचा. आणि ओडेल जिभेवरून सांगायचा. "एमिल, आज छातीचं जरा जास्त पडलं का रं?" असं त्यानं खिडकीतून ओरडून विचारावं आणि तिसऱ्या दारातून एमिलनं ओरडावं, "आरं, कसायाच्या घरी जन्मायचा तू, चुकून पाद्र्याच्या आळीत पडलास!" लोक हसायचे. पण गावात कुणाच्या मांसाचा वाद निघाला तर तुकडा ओडेलकडंच यायचा. ओडेलच्या जिभेवर गावाचा विश्वास होता, तराजूवर असतो तसा.

प्रूइट्सच्या छपरावर पाटी होती. तांबड्या अक्षरांत दोन ओळी. 'रोजचं ताजं. कधीच गोठवलेलं नाही.'

लॉयल गेला त्र्याहत्तर साली. दुकान त्याच्या बायकोकडं, लोरीनबाईकडं आलं आणि तिच्याबरोबर तिचा जावई डग आला, विचिटा शहराहून. माणूस वाईट नव्हता. टाय लावायचा, सगळ्यांशी हसून बोलायचा, पण त्याला दर सहा महिन्यांनी नवं काहीतरी सुचायचं. चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात त्याला गोठवलेल्या चकत्या सुचल्या. कारखान्यातून खोक्यात येणाऱ्या, एकसारख्या, नाण्यांसारख्या गोल.

"ओडेल, हे लोक कापलं की दोन मिनिटांत गोठवतात," तो काउंटरवर खोकं ठेवून म्हणाला. "तुमच्या एमिलचं मांस हुकाला चार-चार दिवस लोंबतं. मग जास्त ताजं कुठलं, सांगा बघू? हे तर ताज्याहून ताजं!"

एमिल तेव्हा कॉफी प्यायला बसला होता. तो म्हणाला, "मंग मढं बर्फात ठिवलं की जितं ऱ्हातं म्हनायचं."

सगळं दुकान हसलं. डगही हसला, पण खोकं त्यानं हलवलं नाही.

महिनाभर घोळ चालला. लोरीनबाईच्या जिवाची ओढाताण व्हायची. एकीकडं जावई, एकीकडं नवऱ्यानं छपरावर चढवलेली पाटी. शेवटी तिनं एक दिवस डग आणि ओडेल दोघांना समोर बसवलं.

"लॉयलनं काय केलं असतं ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण या गावात जीभ एकट्या ओडेलची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मंगळवारी तीनला, गर्दी नसते तेव्हा, तू दोन्ही भाज, डग. ओडेलनं पाठ करून बसायचं. त्याला फरक कळला, तर या दुकानात पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही कळला, तर कुणालाच कळायचा नाही. मग आण तुझी खोकी."

एमिलला हे कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला खोकला लागला. "ओडेलला फरक कळंना? आरं, माझ्या गायीनं कुठल्या कुरणात खाल्लं ते सांगंल त्यो!"

आता ओडेलचं एक दुखणं होतं. ते त्याच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपासून त्याचा उजवा खांदा गेला होता. आधी नुसता ठणका लागायचा, मग हात डोक्याच्या वर जाईना. सकाळी बर्निस त्याच्या शर्टाची बटणं लावायची. केसही तीच विंचरायची आणि म्हणायची, "उद्या घासही मीच भरवीन, हो?" कॉफीचा कप तो डाव्या हातानं उचलायला लागला होता, आणि लोकांना सांगायचा की डाव्या हाताला सवय लावतोय, म्हातारपणी दोन्ही लागतील. न्यूटन गावच्या डॉक्टरनं खांदा दाबून, फिरवून बघितला आणि म्हणाला, "क्रॅट्झ, अजून दोन कापण्या अशाच काढल्या तर हा हात फक्त बाहीत भरायला उरेल."

ओडेल तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं. थापी सोडून जगात आपलं काय, हे त्यानं कधी स्वतःला विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर उत्तर येत नव्हतं. गोठवलेल्या चकतीला थापी लागत नाही. खोक्यातून काढायची, तव्यावर टाकायची, उलटायची, उचलायची. डाव्या हातानंसुद्धा जमेल. त्या महिन्यात रोज रात्री खांदा शेकताना हा विचार त्याच्या मनात यायचा आणि ओडेल तो ढकलून द्यायचा. ढकलून दिलेला विचार कुठं जात नाही, दाराबाहेर बसून राहतो.

मंगळवार उजाडला. तीन वाजता ओडेल काउंटरच्या शेवटच्या स्टुलावर रस्त्याकडं तोंड करून बसला. मागं डगनं दोन्ही भाजल्या. ताजा खिमा त्यानं साच्यात घालून चकतीसारखाच गोल केला होता, म्हणजे आकारावरून ओळखू नये. एमिल रक्ताळलेला अॅप्रन गुंडाळून काखेत धरून दाराशी उभा होता. दुकान तो पोरीवर, मार्लिसवर, टाकून आला होता. तो अगदी निवांत होता. जत्रेत आपल्या बैलाची पाळी यायची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

लोरीनबाईनं मेणकागदावर दोन तुकडे पुढं केले. पाव नाही, कांदा नाही, नुसतं मांस.

ओडेलनं पहिला तुकडा तोंडात टाकला. आधी चरबी जिभेवर वितळली, मग मांस आलं, मग मीठ. मागाहून तो गवताळ वास, नाकात वरपर्यंत गेलेला. उत्तरेचा वारा सुटला होता त्या दिवशी आणि एमिलनं मूठभर चरबी जास्त घातली होती. तेही त्याला कळलं.

दुसरा तुकडा. आधी पाणी. मग पुन्हा पाणी. मग पुठ्ठ्यासारखं काहीतरी, आणि मांस कुठंतरी लांब, शेजारच्या घरात शिजत असल्यासारखं.

त्यानं घास गिळला. समोर काचेतून कोठाराची भिंत दिसत होती. मांडीवर ठेवलेला उजवा हात आपोआप ठणकत होता.

"दोन्ही सारखेच लागतात," ओडेल म्हणाला.



"आं?" एमिल दाराशी म्हणाला. मग त्याला वाटलं, ओडेल थट्टा करतोय, आणि तो हसला. "बास की आता, लोरीनबाई घाबरल्या. पुन्यांदा खाऊन बघ."

ओडेलनं पुन्हा दोन्ही खाल्ले. पाठ फिरवलेलीच ठेवली.

"न्हाई कळत, एमिल. सारखेच हाईत."

डगनं काउंटरवर थाप मारली आणि लगेच ओशाळून हात मागं घेतला. लोरीनबाई तोंडावर पदरासारखा रुमाल धरून बसली. एमिल दोन पावलं पुढं आला. काहीतरी विचारणार होता. मग त्यानं काखेतला अॅप्रन उलगडला, पुन्हा घडी घातली, आणि म्हणाला, "ओडेल म्हनतोय म्हंजी तसंच असंल."

आणि तिसऱ्या दारी निघून गेला.

पुढच्या आठवड्यात पाटीवाला शिडी लावून चढला. दुसरी ओळ त्यानं पांढऱ्या रंगानं पुसली. 'रोजचं ताजं' तेवढं राहिलं. उन्हं तिरपी झाली की रंगाखालून जुनी अक्षरं दिसायची.

नव्या चकत्या तव्यावर 'टक्' करून पडायच्या, बशी पडावी तशा. पहिले काही दिवस लोकांनी ओडेलला छळलं. "थापीवाले, लई पातळ झालं रं! पल्याडची भिंत दिसतीय यातनं."

"भिंत बघायचे वेगळे पैसे घेत न्हाई आम्ही," ओडेल म्हणायचा.

मग लोक विसरले. माणसाला जे रोज मिळतं तीच त्याची चव होते. थापी खिळ्याला अडकवून ठेवली होती. लोरीनबाई म्हणाली, शोभेला राहू दे. ओडेलचा खांदा हिवाळ्याअखेर बरा व्हायला लागला. एप्रिलमध्ये त्यानं स्वतःचे केस स्वतः विंचरले.

हे एवढ्यावर राहतं तर त्यानं कसंबसं पचवलं असतं. एका माणसाचं गिऱ्हाईक गेलं, दुसऱ्याचा हात वाचला, जगात असं होतं. पण त्या मंगळवारनंतर तीन आठवड्यांनी एमिल प्रूइट्सच्या मागच्या दाराशी आला. सकाळचे सहा वाजले होते. अठ्ठावीस वर्षं ओडेल त्याच्या दाराशी गेला होता, आज तो याच्या दाराशी उभा. हातात टोपी.

"एक विचारायचं हुतं," एमिल म्हणाला. "कवापासनं बिघडलं?"

"काय?"

"माझं मांस. गोठीवल्याच्या पंगतीला बसाया लागलं, ते कवापासनं? तुला कळलं असंलच. मला वाईट वाटू नये म्हनून बोलला न्हाईस." त्यानं टोपी गोल फिरवली. "त्याबद्दल माफी मागाया आलो. तू इतकी वर्सं गप ऱ्हाऊन माझं वाईट मांस लोकांना खायला घातलंस. तुझं नाव त्यात खराब झालं असतं."

ओडेलनं तेव्हाच सांगायचं होतं. पुढं अकरा वर्षं तो स्वतःला हेच सांगत आला, की त्या दारात, त्या थंडीत, सांगायला एक श्वास लागला असता. पण माणूस प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत असला की तोंड आपलंआपण काहीतरी देऊन टाकतं.

"गेल्या... गेल्या हिवाळ्यापासनं, थोडं," ओडेल म्हणाला.

एमिलचा चेहरा जवळजवळ उजळला. "बघ! गेल्या हिवाळ्यातच मी मशीनचं पातं बदललं. नवं घातलं. तेच असनार." मग थोडा थांबून, "पन मला कळाया पायजे हुतं. हाताला कळाया पायजे हुतं."

तो गेला.

पंच्याहत्तरच्या वसंतात एमिलनं दुकान बंद केलं. एकट्या प्रूइट्सचं काम गेलं म्हणून नव्हे. बाकी गिऱ्हाइकं होती, चर्चच्या जेवणावळी होत्या. पण तो स्वतःच्या हाताकडं संशयानं बघायला लागला होता. खिमा मुठीत धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. लोकांना सांगायचा, "जरा बघा बरं का, चांगलं हाय ना?" खाटीक गिऱ्हाइकाला असं विचारायला लागला की गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडं जातं.

त्याच्या मागून दुकान चालवायला मार्लिस तयार होती. चोवीस वर्षांची, बापासारखीच आडव्या हाडाची. लहानपणापासून मांस कापत आलेली. तिनं बापाला विनवलं, भांडली, आठवडाभर जेवली नाही. एमिल म्हणाला, "जो हात आपल्याच मालकाला फसवतो त्यो दुसऱ्याला काय शिकवनार?" आणि लिलाव लावला. मार्लिस हचिन्सन शहरात गेली, एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये नोकरीला.

लिलावाला ओडेल गेला होता. हातानं फिरवायचं जुनं खिम्याचं यंत्र, एमिलच्या बापाचं, कुणी शोभेसाठी नेऊ नये म्हणून त्यानं घेतलं आणि गॅरेजमध्ये पोत्याखाली ठेवलं.

आणि एमिल? एमिल दर गुरुवारी दुपारी प्रूइट्समध्ये यायचा. शेवटच्या स्टुलावर बसायचा, तोच स्टूल, आणि गोठवलेल्या चकतीचा बर्गर मागवायचा. सावकाश, प्रत्येक घास चावून खायचा, जणू त्यात काहीतरी शोधतोय. मग कागद नीट घडी करून ठेवायचा.

"चांगलं हाय," तो म्हणायचा. "तू म्हनालास तसंच हाय. फरक न्हाई."

साडेपाचशेहून जास्त गुरुवार. ओडेल दर वेळी त्याला डाव्या हातानं कॉफी ओतायचा. खांदा केव्हाच बरा झाला होता, पण त्याच्यासमोर उजवा हात उचलला जायचा नाही.

बासष्टाव्या वर्षी ओडेलनं काम सोडलं. लोरीनबाईनं निरोपाला केक आणला आणि खिळ्यावरची थापी काढून, फीत बांधून त्याला दिली. डगनं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर बर्निस थापी भिंतीला लावायला जागा शोधायला लागली तेव्हा ओडेल म्हणाला, "नको. काम आहे तिचं."

शहाऐंशीचा जानेवारी होता. ओडेलनं पलीकडच्या गावातून, जिथं अजून एक जण स्वतः जनावर कापायचा, खांद्याचं आणि छातीचं मांस आणलं. गॅरेजमधलं यंत्र घासून उकळत्या पाण्यानं धुतलं. एका बाजूला प्रूइट्समधून मागून घेतलेली एक गोठवलेली चकती बर्फात घातली. सगळं गाडीत टाकून तो एमिलच्या घरी गेला.

एमिल सत्त्याहत्तर वर्षांचा झाला होता. बायको गेलेली, घर नीटनेटकं आणि गार. यंत्र बघून तो टेबलाला धरून उभा राहिला.

"ह्ये माझ्या बापाचं."

"व्हय."

"तुझ्याकडं हुतं व्हय रं?"

"बस तू. आज मी भाजतो, तू खा."

एमिलच्या स्वयंपाकघरात, एमिलच्या यंत्रातून ओडेलनं खिमा काढला. गोळा केला. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला. थापी टेकवली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सगळा भार उजव्या खांद्यात आणून दाबलं. खांद्यात कळ गेली. शेजारी गोठवलेली चकती टाकली. 'टक्.'

दोन्ही बशीत घालून त्यानं एमिलपुढं ठेवलं. काही सांगितलं नाही.

एमिलनं कुणी न सांगता डोळे मिटले. पहिला घास खाल्ला. "ह्ये तुमचं गुरुवारचं." दुसरा खाल्ला आणि त्याचं चावणं मध्येच थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, हळूहळू. "ह्ये ताजं. खांद्याचं, चौथा हिस्सा छातीचं. पन चरबी कमी घातलीस. भाईर जानेवारी हाय, तू जूनची घातलीस."

"फरक कळतोय?"

"आंधळ्याला कळंल," एमिल म्हणाला, आणि मग त्याचे डोळे उघडले.

बाहेर वारा खिडक्या हलवत होता. एमिल बशीकडं बघत राहिला, मग थापीकडं, मग ओडेलकडं.

"तुला कळलं हुतं."

"व्हय."

"कितव्या घासाला?"

"पयल्याच."

ओडेलनं मग सगळं सांगितलं. खांदा, न्यूटनचा डॉक्टर, बटणं लावणारी बर्निस. एरवी मनात शंभरदा सांगितलेलं, पण आता तोंडातून निघताना ते अगदी थोडं निघालं. चार वाक्यांत संपलं.

"मला सांगायचंस," एमिल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "म्या येऊन दाबले असते गोळे. तिसरंच तर दार हुतं."

हे ओडेलला कधीच सुचलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही.

"आन् हिवाळ्यापासनं बिघडलं म्हनालास, ते?"

"तेबी खोटं."

"पातं चांगलं हुतं म्हंजी."

"पातं चांगलं हुतं. तुझा हात चांगला हुता. त्या दिवशी उत्तरेचा वारा हुता आन् तू मूठभर चरबी जादा घातली हुतीस."

एमिलनं आपला उजवा हात उचलून बघितला, तळवा वर करून. आता त्यात धरायला काही उरलं नव्हतं. त्यानं तो टेबलावर ठेवला आणि ताजा तुकडा सगळा खाल्ला, शेवटच्या करपलेल्या कडेपर्यंत. गोठवलेल्याला हात लावला नाही.

ओडेल उभाच होता. आपण कशाची वाट बघतोय ते त्याला ठाऊक होतं. चार शब्द. कालचं काल गेलं, गड्या. रोज सकाळी फुकट मिळायचे ते.

एमिलनं तोंड पुसलं.

"मार्लिसला मी दारातनं माघारी लावली," तो म्हणाला. "तिला तू सांग. माझ्यानं व्हायचं न्हाई. आन् जाताना यंत्र ठिवून जा."

त्या आठवड्यात बर्फ पडलं. पुढच्या सोमवारी रस्ते मोकळे झाले तेव्हा ओडेल हचिन्सनला गेला. सुपरमार्केटच्या मागच्या भिंतीला मांसाचा काउंटर होता आणि काउंटरमागं मार्लिस, पांढऱ्या टोपीत. मांस बाहेरूनच कापून यायचं. तिचं काम तबकांवर प्लॅस्टिक ताणायचं आणि चिठ्ठी चिकटवायचं. तिची बोटं बघितली तर ती काम करतायत असं वाटत नव्हतं, नुसती वेळ घालवतायत असं वाटत होतं.

"ओडेलकाका! इतक्या लांब? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मार्लिस, मला एक सांगायचंय. तुझ्या बापाच्या मांसाबद्दल. त्या मंगळवारी..."

त्यानं सांगितलं. ती प्लॅस्टिक ताणत राहिली. एक तबक, दुसरं, तिसरं. त्यानं संपवलं तेव्हा तिनं चिठ्ठी चिकटवली, अंगठ्यानं दाबली.

"मला माहीत होतं," मार्लिस म्हणाली.

"माहीत होतं?"

"नव्या चकत्या आल्या त्याच आठवड्यात मी प्रूइट्सला येऊन खाल्लं होतं. तुम्ही मागं होतात. दुसऱ्या घासाला उठले. घरी जाऊन बाबांना म्हटलं, ओडेलकाकांनी खोटं सांगितलंय. हा फरक कुणालाही कळेल."

"मग?"

"मग काय. बाबा माझ्यावर जन्मात कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले." तिनं पुढचं तबक ओढलं. "म्हणाले, काय वाट्टेल ते बोल, पण ओडेल खोटं बोलत नाही."

मागं एक बाई सामानाची गाडी घेऊन ताटकळत होती. "तुमचं झालं का?" ती म्हणाली.

मार्लिसनं ओडेलकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"आणखी काही हवंय, ओडेलकाका?"

मागची बाई खाकरली, म्हणून त्यानं समोरचं एक पाकीट उचललं. उजव्याच हातानं, खांद्याच्या वरच्या फळीवरून. कुठं काही दुखलं नाही.